वाळुंजाच्या सालीपासून हृदयाच्या गोळीपर्यंत



पाऊस सरत आला, डबकी साचली आणि डेंग्यूची साथ आली, की आपल्या जळगाव-धुळ्याच्या गावागावांत एक शब्द ऐकू येतो. प्लेटलेट. "पोराच्या प्लेटलेट कमी झाल्या, जळगावला न्यावं लागलं." हा शब्द आता शाळा न शिकलेल्या आजीलाही माहीत आहे. प्लेटलेट कमी झाल्या तर धोका, हे आपण शिकलो. पण याच प्लेटलेट नको त्या वेळी, नको त्या जागी गोळा झाल्या तरीही धोका असतो. हृदयविकाराचा झटका आणि लकवा, यांतल्या बहुतेक वेळी हेच घडतं. ते घडू नये म्हणून जी गोळी देतात तिला आपण "रक्त पातळ करायची गोळी" म्हणतो. आज त्या गोळीची गोष्ट सांगते. ती अडीचशे वर्षांची आहे, आणि तिच्यात आपण बायका कुठे होतो आणि कुठे नव्हतो, हेही पाहायचं आहे.

आधी प्लेटलेट म्हणजे काय ते समजून घेऊ. रक्तात तांबड्या पेशी असतात, पांढऱ्या असतात आणि त्यांच्याहून कितीतरी लहान अशा या चकत्या असतात. 1882 साली इटलीतल्या जुलिओ बिझोझेरो नावाच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत प्राण्याच्या रक्तवाहिन्या पाहिल्या. नळीला इजा झाली की या चकत्या तिथे जाऊन चिकटतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात, हे त्यांनी दाखवून दिलं. विळा लागला, बोट कापलं, तरी थोड्या वेळात रक्त थांबतं, ते यांच्यामुळे. बाळंतपणात, पाळीत, रोजच्या कामात त्या आपला जीव राखतात.

धुळे, साक्रीकडच्या बायांना पांझरेवरची फड पद्धत माहीत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटावर पाटकरी असतो, जागल्या असतो. रात्री कुठे पाट फुटला, की ज्याला दिसलं तो आधी हाताला येईल तो चिखल, गवत तिथे दाबतो आणि हाक मारतो. हाक ऐकून बाकीचे धावतात. प्लेटलेटचं काम असंच चालतं. पहिली चकती फुटलेल्या जागी चिकटते आणि हाक मारते. ही हाक म्हणजे तिच्यातून बाहेर पडणारी रसायनं. ती हाक ऐकून शेजारच्या चकत्या फुगतात, चिकट होतात आणि धावून येतात.

आता घोटाळा कुठे होतो ते पाहा. वय वाढतं, तंबाखू-मिश्री असते, रक्तदाब किंवा साखर वाढलेली असते, तेव्हा हृदयाकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या नळ्यांच्या आतून चरबीचा थर बसतो. वर्षानुवर्षं तो गप्प बसून असतो. एके दिवशी त्या थराला तडा जातो. जागल्यांना वाटतं पाट फुटला. ते धावतात आणि माती टाकत राहतात. पण पाट फुटलेला नसतो. त्यांनी टाकलेल्या मातीनेच पाट बुजतो आणि पुढचं शेत कोरडं पडतं. शेत हृदयाचं असेल तर हार्ट अटॅक. मेंदूचं असेल तर लकवा.

म्हणजे औषध असं हवं, की जे जागल्यांना मारून टाकणार नाही, फक्त त्यांची हाकाटी कमी करील. असं औषध माणसाच्या हाताशी फार आधीपासून होतं. त्याचा हा उपयोग मात्र कुणाला ठाऊक नव्हता.

1763 साली इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन नावाच्या धर्मोपदेशकांनी तिथल्या विज्ञान संस्थेला पत्र लिहिलं. विलो नावाच्या झाडाची साल वाळवून, कुटून तिची पूड त्यांनी हिवतापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना दिली होती आणि ताप उतरला होता. या विलोच्या कुळातलं झाड आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात ओढ्या-नद्यांच्या काठाने वाढणारं वाळुंज ते हेच. पुढे या सालीतला गुणकारी अंश वेगळा काढला गेला. तो ताप-दुखीवर चालायचा, पण पोट फार जाळायचा. 1897 साली जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याचं जरा सौम्य रूप तयार केलं. 1899 साली ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आलं. आपल्याकडे ॲस्प्रो, डिस्प्रिन अशा नावांनी हेच औषध किराणा दुकानातसुद्धा मिळायचं. डोकं दुखलं की घ्यायची गोळी, एवढीच तिची ओळख.

पुढचं पाऊल अमेरिकेतल्या एका साध्या डॉक्टरने टाकलं. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल गावचे लॉरेन्स क्रेव्हन गळ्यातल्या गाठी काढायची शस्त्रक्रिया करत. नंतर दुखू नये म्हणून रोग्यांना ॲस्पिरिनचं च्युइंगगम देत. जे रोगी ते जास्त चघळत, त्यांना जास्त रक्तस्राव होई. दुसरा कुणी एवढंच म्हणाला असता, की हे च्युइंगगम बंद करा. क्रेव्हन यांनी पुढचा विचार केला. हे औषध रक्त गोठू देत नसेल, तर हृदयाच्या नळीतली गाठही अडवील का? त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या पुरुषांना रोज ॲस्पिरिन द्यायला सुरुवात केली. 1950 साली त्यांनी 400 पुरुषांचा अनुभव लिहिला, 1956 साली सुमारे 8000 पुरुषांचा. एकालाही झटका आला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पण ज्यांना गोळी दिली नाही असा दुसरा गट त्यांनी तुलनेला ठेवला नव्हता. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. 1957 साली क्रेव्हन स्वतःच हृदयविकाराने वारले आणि त्यांचं काम कपाटात पडून राहिलं.

गोळी नेमकं काय करते हे 1971 साली कळलं. इंग्लंडमधल्या जॉन व्हेन यांनी दाखवलं, की शरीरात काही रसायनं तयार करणारं एक यंत्र असतं, ते ॲस्पिरिन बंद पाडतं. प्लेटलेटची एक मोठी हाक याच यंत्रातून निघते. या शोधाबद्दल 1982 साली व्हेन यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळालं. आणि यातली सोयीची गोष्ट अशी. शरीरातल्या इतर पेशी बंद पडलेलं यंत्र पुन्हा नवं बनवतात. प्लेटलेटला ते जमत नाही. ती जगते सात ते दहा दिवस. एकदा तिचं यंत्र बंद पडलं की मरेपर्यंत बंद. म्हणून दुखण्यावर मोठी गोळी लागते, पण प्लेटलेटसाठी 75 मिलिग्रॅमची बारीकशी गोळी पुरते. मात्र रोज नव्या प्लेटलेट जन्मतात, म्हणून गोळीही रोज घ्यावी लागते.

दुसरी गोळी क्लोपिडोग्रेल. ती 1997 साली वापरात आली. तिचं काम वेगळं आहे. ॲस्पिरिन हाक मारणाऱ्याचं तोंड धरतं, तर क्लोपिडोग्रेल दुसऱ्या एका हाकेसाठी ऐकणाऱ्याच्या कानात बोळे घालतं. म्हणून काही रोग्यांना दोन्ही गोळ्या बरोबर देतात. आपल्या देशात 1970 च्या पेटंट कायद्यामुळे अशी नवी औषधं वेगळ्या पद्धतीने बनवायला आपल्या कारखान्यांना 2005 सालापर्यंत मोकळीक होती. या गोळ्या आपल्याकडे तुलनेने स्वस्तात मिळू लागल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

इथे एक गैरसमज काढून टाकू. या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं पातळ होत नाही. रक्त आहे तसंच राहतं, फक्त प्लेटलेट लवकर गोळा होत नाहीत. "माझ्या अंगात आधीच रक्त कमी, मला पातळ करायची गोळी कशाला?" असं म्हणून बाया गोळी सोडतात. अंगात रक्त कमी असणं ही वेगळी गोष्ट आहे. ती डॉक्टरांना जरूर सांगावी, पण आपल्या मनाने गोळी सोडू नये.

आता आपल्या बायकांबद्दल. या गोळ्यांच्या सुरुवातीच्या बऱ्याच चाचण्या पुरुषांवरच झाल्या. 1974 साली वेल्समध्ये झटका येऊन गेलेल्या 1239 रोग्यांना ॲस्पिरिन देऊन पाहिलं, ते सगळे पुरुष. 1989 साली अमेरिकेतल्या 22,071 डॉक्टरांची मोठी चाचणी छापून आली, तेही सगळे पुरुष. मधे 1978 साली कॅनडात एक चाचणी झाली. तिच्यात 585 रोगी होते आणि बायका थोड्या होत्या. निकाल आला, की लकवा टाळायला ॲस्पिरिनचा पुरुषांना फायदा होतो, बायकांना दिसत नाही. 1980 साली अमेरिकेच्या औषध खात्याने लकव्याची सूचना येऊन गेलेल्यांसाठी ॲस्पिरिनला मान्यता दिली, ती फक्त पुरुषांसाठी. बायकांना ती मान्यता मिळायला 1998 साल उजाडलं. औषध तेच, आजार तोच, पण मोजणीत बाया कमी होत्या म्हणून अठरा वर्षं गेली.

थोड्या लोकांवरून असा निकाल काढणं किती फसवं असतं, हे 1988 सालच्या एका चाचणीने गमतीने दाखवलं. तिच्यात हृदयविकाराचा झटका आलेले 17,187 रोगी होते, पुरुषही आणि बायकाही. पाच आठवड्यांत, ज्यांना ॲस्पिरिन मिळालं नाही त्यांतले शंभरात सुमारे 12 दगावले. ज्यांना मिळालं त्यांतले 9 ते 10. जिच्या घरचं माणूस वाचलं तिला विचारा, हा फरक केवढा असतो. या निकालाचे लहान लहान गट पाडून दाखवा, असा आग्रह झाला. तेव्हा शास्त्रज्ञांनी रोग्यांच्या जन्मराशीप्रमाणे गट पाडले. काय निघालं? मिथुन आणि तूळ राशीच्या रोग्यांना ॲस्पिरिनचा फायदा दिसला नाही! रास पाहून औषध लागू पडत नाही, हे सगळ्यांनाच कळतं. लहान गट पाडले की योगायोगसुद्धा खरा वाटू लागतो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. पुढे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा स्पष्ट झालं. ज्यांना एकदा झटका किंवा गाठीचा लकवा येऊन गेला आहे, त्यांना पुन्हा असा घाला पडण्याचं प्रमाण ॲस्पिरिनने सुमारे एक पंचमांशाने कमी होतं. पुरुषांत आणि बायकांतही.

पण धडधाकट माणसाने ही गोळी घ्यावी का? 2005 साली 39,876 निरोगी बायकांची दहा वर्षांची चाचणी छापून आली. लकवा थोडा कमी झाला, हृदयविकार कमी झाला नाही, आणि पोटातून रक्तस्राव वाढला. 2018 साली 19,114 वयस्क माणसांच्या चाचणीत तर फायदा न होता रक्तस्रावच वाढलेला दिसला. म्हणून "शेजारच्या आक्का घेतात, मीही घेते" हे चालणार नाही. ज्याला आजार होऊन गेला त्याला ही गोळी राखते. ज्याला काही झालेलं नाही त्याला ती नुसती रक्तस्रावाच्या वाटेला नेऊ शकते.

आपल्या महाराष्ट्राचं चित्र गडचिरोलीतल्या 'सर्च' या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने दाखवलं. 2011 ते 2013 या दोन वर्षांत तिथल्या 86 गावांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. 1599 मृत्यूंपैकी 229 लकव्याने झाले होते. म्हणजे सात मृत्यूंमागे एक, आणि त्यांत जवळपास निम्म्या बाया. बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. लकवा हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, ही समजूत या गावांनी खोटी ठरवली. 2011 सालीच जगातल्या 17 देशांची पाहणी छापून आली. आजार होऊन गेलेल्यांपैकी श्रीमंत देशांत शंभरातले 62 जण या प्रकारची गोळी घेत होते. आपला देश ज्या गटात मोडला त्या गरीब देशांत शंभरातले नऊसुद्धा नव्हते. सगळ्या देशांत मिळून शहरात 29 तर खेड्यात 21. शंभर वर्षं जुनी, स्वस्तातली स्वस्त गोळी. तरी खेड्यातल्या माणसापर्यंत ती पोचत नाही, पोचली तरी टिकत नाही.

उशीर हा दुसरा शत्रू. 2008 साली भारतातल्या 50 शहरांतल्या 89 रुग्णालयांतून 20,468 हृदयरोग्यांची माहिती छापून आली. दुखायला लागल्यापासून दवाखान्यात पोचायला साधारण सहा तास गेले होते. गरीब रोगी श्रीमंतांपेक्षा जास्त दगावले, कारण त्यांना पुढचे उपचार कमी मिळाले. आपल्या घरात तर बाईचं दुखणं आधी "पित्त झालं असंल" म्हणून ओव्याच्या पाण्यावर काढलं जातं. बायकांना झटका येताना छातीत कळ येतेच असं नाही. जबडा, पाठ, खांदा दुखतो, दम लागतो, मळमळतं, घाम सुटतो, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. असं झालं तर 108 ला फोन करा, रात्र असो की लगीनघर.

धुळे जिल्ह्याला एक मान आहे. 2012 साली शासनाची जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होता. 2013 च्या नोव्हेंबरात ती जळगावसह सगळ्या राज्यात आली, आणि आता ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिच्यामुळे मोलमजुरी करणाऱ्या घरांतही हृदयाच्या नळीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, बसवून घेता आली. पण ती जाळी शरीराला परकी असते. प्लेटलेट तिच्यावर चढायला टपलेल्या असतात. म्हणून पुढचे काही महिने, कित्येकदा वर्षभर, दोन गोळ्या सांगतात आणि त्यानंतर एक कायमची. खरी परीक्षा इथे असते. कापूस वेचणी आली, ऊसतोडीला बाहेर जावं लागलं, पाकीट संपलं, "आता बरं वाटतंय" म्हणून गोळी थांबली, की जाळीत गाठ होऊ शकते. योजनेने केलेली एवढी शस्त्रक्रिया एका पाकिटाअभावी वाया जाते आणि माणूसही हातचा जातो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. स्वतः गोळी बंद करू नका.

आता काही गोष्टी लक्षात ठेवा, वहीत लिहून घ्या.

लकवा आलेल्या माणसाला घरी ॲस्पिरिन देऊ नका. लकवा दोन तऱ्हेचा असतो. एकात नळी बुजते, दुसऱ्यात नळी फुटून मेंदूत रक्त सांडतं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. कोणता ते मशीनमधला फोटो काढल्यावरच कळतं. फुटलेल्या नळीवर ही गोळी म्हणजे आगीत तेल. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, की कधी सुरू झालं ती वेळ ध्यानात ठेवा आणि थेट मोठा दवाखाना गाठा.

तापात, खास करून डेंग्यूच्या दिवसांत, आपल्या मनाने ॲस्पिरिन घेऊ नका. डेंग्यूत प्लेटलेट आधीच कमी झालेल्या असतात. लहान मुलांना तर ती तापावर देऊच नये. घरात कुणी हृदयासाठी ही गोळी घेत असेल आणि ताप आला, तर डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा.

गुडघे दुखतात म्हणून दुकानातून दुखीच्या गोळ्या आणून त्यांच्या जोडीला घेऊ नका. पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त आलं, किंवा पाळीत नेहमीपेक्षा फार जास्त जाऊ लागलं, तर त्याच दिवशी दाखवा.

शेवटचं, आपल्या सुना-लेकींसाठी. हीच लहान गोळी गरोदरपणातही उपयोगी पडते. मागच्या बाळंतपणात रक्तदाब फार वाढला होता, झटके आले होते, किंवा आधीपासून रक्तदाब, साखर, मूत्रपिंडाचा आजार आहे, अशा बाईला ॲस्पिरिनचा लहान डोस विसाव्या आठवड्याच्या आत सुरू करावा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2011 साली सांगितलं. सगळ्या गरोदर बायांसाठी हे नाही. पण जिची आधीची अशी कहाणी आहे, तिने तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगितलं पाहिजे. सातव्या महिन्यात नाव नोंदवलं तर ती वेळ निघून गेलेली असते.

पुढच्या महिन्याच्या बचत गटाच्या बैठकीत एवढं करा. ज्यांच्या घरी झटका, लकवा किंवा जाळीचा रोगी आहे त्यांनी गोळ्यांची पाकिटं आणि दवाखान्याची फाइल घेऊन या. आशाताईंना बोलवा. कुणाची गोळी बंद पडली आहे, का पडली, ते पाहा. पैशाअभावी असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी दवाखान्यात विचारा. कामाला परगावी जाणाऱ्यांना जायच्या आधी पुरतील एवढ्या गोळ्या आणायची आठवण द्या. आणि तीस वर्षांवरच्या प्रत्येकीने रक्तदाब आणि साखर तपासून घ्या, स्वतःचीसुद्धा. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि आपलीच राहिली, असं होऊ देऊ नका.